लक्ष कुणाचं नव्हतं?

बाई पडली, की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो, "लक्ष कुठं होतं तुझं?" घरात पडली तर घरचे विचारतात, रस्त्यात पडली तर बघे विचारतात, दुकानात पडली तर दुकानदार विचारतो. आणि या सगळ्यांच्या आधी ती स्वतःच स्वतःला विचारते. फरशी ओली का होती, पायरीची कड का तुटली होती, जाण्यायेण्याच्या वाटेत खोकी का रचली होती, हे प्रश्न मागाहून येतात. बहुतेक वेळा येतच नाहीत.

दुकानात जखमी झालेल्या गिऱ्हाइकानं दुकानदारावर निष्काळजीपणाचा दावा लावायचा, ही कल्पना आपल्याकडे थट्टेवारी नेली जाते. 'असलं सगळं अमेरिकेत चालतं' असं म्हणून विषय मिटवला जातो. मला मात्र हा विषय थट्टेचा वाटत नाही. तो स्त्रियांच्या कामाचा आहे, त्या कामाच्या किमतीचा आहे, आणि मुख्य म्हणजे जाब कुणी कुणाला विचारायचा याचा आहे. म्हणून तो आपल्या चळवळीचाही आहे.

आधी कामाचं बोलू. खरेदी हा बायकांचा छंद आहे, अशी समजूत जाहिरातींनी पक्की करून ठेवली आहे. प्रत्यक्षात महिन्याचं वाणसामान भरणं, मुलांचे गणवेश आणणं, सासऱ्यांची औषधं आणणं, सणाचा बाजार करणं ही सगळी घरकामाचीच कामं आहेत. स्वयंपाकघरात केलं तर घरकाम आणि दुकानात केलं तर चैन, हा फरक कुठल्या हिशेबानं करायचा? कारखान्यात यंत्रावर कामगाराचा हात गेला तर मालकानं भरपाई द्यावी, हा कायदा आपल्या देशात १९२३ साली आला. गृहिणीच्या कामाची जागाही घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. डोक्यात दहा जिन्नसांची यादी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल, नजर फळीवरच्या किमतींवर, अशी ती दुकानात काम करत असते. दुकानाची मांडणीही अशीच केलेली असते, की नजर वर राहावी, मालाकडे राहावी. आधी नजर वर खेचून घ्यायची आणि पाय घसरला की 'खाली का पाहिलं नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय?

लिव्हरपूलमधलं सांडलेलं दही

इंग्लंडमधल्या एका खटल्याची हकिकत इथं सांगण्यासारखी आहे. २९ जून १९७४ रोजी लिव्हरपूल शहरातल्या स्मिथडाउन रोडवरच्या 'टेस्को' या मोठ्या दुकानात श्रीमती वॉर्ड खरेदीला गेल्या होत्या. अशा दुकानात गिऱ्हाइकानं स्वतःच टोपली घेऊन फिरायचं आणि हवं ते फळीवरून उचलायचं. दुकानाच्या मागच्या भागात त्यांचा पाय कशावर तरी घसरला आणि त्या पडल्या. उठताना पाहिलं, तर गुलाबी दही, म्हणजे तिकडे डब्यांतून मिळतं ते गोड योगर्ट, फरशीवर सांडलेलं होतं. इजा फार मोठी नव्हती. तरीही त्यांनी दावा लावला.

दुकानाचं म्हणणं असं, की आम्ही दिवसातून पाच-सहा वेळा फरशी झाडून घेतो. काही सांडलेलं दिसलं तर तिथंच उभं राहावं आणि पुसणाऱ्याला बोलवावं, अशी नोकरांना सूचना आहे. म्हणजे आमच्याकडून हयगय नाही. आता ते दही कधी सांडलं आणि किती वेळ तिथं पडून होतं, हे बाईंनी सिद्ध करावं.

हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. पण टोपली घेऊन फिरणारी बाई हे सिद्ध करणार कशी? दुकान तिचं नाही, नोकर तिचे नाहीत, झाडण्या-पुसण्याची नोंदवही तिच्या हातात नाही. जे फक्त दुकानाला माहीत असू शकतं, ते तिनं सांगावं अशी ही मागणी होती.

श्रीमती वॉर्ड यांच्याजवळ मात्र एक गोष्ट होती. सुमारे तीन आठवड्यांनी त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या, तेव्हा संत्र्याचं सरबत फरशीवर सांडलेलं त्यांना दिसलं. त्या थांबल्या आणि पाहत राहिल्या. पाव तास झाला तरी कुणी पुसायला आलं नाही. हे त्यांनी न्यायालयात सांगितलं. ही साक्ष मला फार मोलाची वाटते. इंजिनिअरचा अहवाल नाही, वकिली चातुर्य नाही. सांडलेलं किती वेळात पुसलं जायला हवं, हे आयुष्यभर पुसत आलेल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. त्या ठाऊक असण्याला न्यायालयात पुराव्याची जागा मिळाली.

अपिलातले तीन न्यायाधीश एकमताचे नव्हते. दोघांनी म्हटलं, की फरशी दुकानाच्या ताब्यात होती आणि ती नीट स्वच्छ ठेवली जात असेल तर असा अपघात सहसा होत नाही. तेव्हा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे आता दुकानानं दाखवावं. अपघाताच्या आधी फरशी शेवटची कधी झाडली होती, याचाच पुरावा दुकानानं दिला नव्हता. तिसऱ्या न्यायाधीशांचं मत निराळं पडलं. दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकानं क्षणभर आधीच तो डबा पाडला असेल तर कितीही काळजी घेऊन काय उपयोग, असं ते म्हणाले. हा मुद्दाही सोडून देण्यासारखा नाही. पण निकाल बाईंच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली १३७ पौंड ५० पेन्स. रक्कम किरकोळ, पण १९७६ सालच्या विधी-अहवालांत छापलेला हा निकाल अजूनही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'बाईंनी खाली पाहायला हवं होतं' असं त्या खटल्यात खुद्द दुकानानंही म्हटलं नव्हतं. आपल्याकडे पहिलं वाक्य तेच असतं.

भार कुणाच्या डोक्यावर

हा कायदा आभाळातून पडलेला नाही. स्कॉटलंडमध्ये पेझ्ली गावातल्या एका कॅफेत ऑगस्ट १९२८ मध्ये मे डोनह्यू नावाच्या बाईनं जिंजर बिअर घेतली. अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली आणि बाई आजारी पडल्या. त्या स्वतः दुकानात काम करणाऱ्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. बाटलीचे पैसे मैत्रिणीनं दिले होते, त्यामुळं 'तुमचा-आमचा व्यवहारच नाही' असं म्हणायला उत्पादक मोकळा होता. आपल्याजवळ पाच पौंडही नाहीत असं शपथेवर लिहून देऊन, दरिद्री वादी म्हणून त्या थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या. १९३२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की ज्यांना आपल्या हयगयीचा त्रास होईल हे आपल्याला सहज कळण्यासारखं आहे, त्या सगळ्यांची काळजी घेणं हे आपलं कर्तव्य आहे. मग पैसे कुणी का दिले असेनात. निष्काळजीपणाचा आजचा कायदा बऱ्याच अंशी या निकालावर उभा आहे, आणि आपल्या न्यायालयांनीही ते तत्त्व स्वीकारलं आहे.

म्हणजे पहिला प्रश्न, 'काळजी कुणी घ्यायची', एका गरीब बाईच्या चिकाटीनं सुटला. दुसरा प्रश्न, 'सिद्ध कुणी करायचं', लिव्हरपूलच्या बाईंच्या खटल्यात पुढं आला. सिद्धतेचा भार हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. मथुरा प्रकरणानंतर देशभर उठलेल्या आवाजामुळं १९८३ साली पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईनं न्यायालयात सांगितलं, की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असंच धरून चालायचं. हुंडाबळीच्या बाबतीतही १९८६ साली असंच गृहीतक आलं. पोलीस कोठडीतला अत्याचार आणि दुकानातली घसरलेली फरशी या एका मापानं मोजायच्या गोष्टी नाहीत, हे सांगायची गरज नाही. पण त्यांच्यामागचं सूत्र आपल्या ओळखीचं आहे. जागा ज्याच्या ताब्यात, माणसं ज्याच्या हाताखाली, कागद ज्याच्या कपाटात, त्यानं उत्तर द्यायचं. जिच्या हातात काहीच नाही, तिच्यावर पुराव्याचं ओझं टाकलं, की न्याय नाकारण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही.

भारतातही हे तत्त्व मान्य झालेलं आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं मेली. त्यांच्या वारसांनी महापालिकेवर दावे लावले, आणि ते प्रकरण सुभागवंती या वादी बाईच्या नावानंच ओळखलं जातं. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता आणि ज्या चुन्यात बांधला होता त्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. भर बाजारातला मनोरा आपोआप पडत नाही, तो पडला हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६६ साली म्हटलं आणि पालिकेला जबाबदार धरलं. घटनाच बोलते, असा हा नियम. तेव्हा 'हे आपल्याकडे नाही' असं कुणी म्हणू नये. कायदा आहे. तो दुकानाच्या फरशीपर्यंत आणलेला नाही, इतकंच.

हसणं कुणाच्या सोयीचं?

आता त्या अमेरिकेकडे वळू, कारण थट्टा तिथूनच आयात झाली आहे. 'कॉफी अंगावर सांडली म्हणून लाखो डॉलर उकळणारी बाई' हा विनोद आपल्याकडेही पोचला. विनोदात न सांगितलेली हकिकत अशी. २७ फेब्रुवारी १९९२. न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. स्टेला लीबेक, वय ७९. नातू गाडी चालवत होता, त्या शेजारी बसल्या होत्या. 'मॅकडोनाल्ड्स'मधून ४९ सेंटची कॉफी घेतली, गाडी थांबवली, साखर-दूध घालायला झाकण काढताना पेला मांडीवर उलटला. कॉफी कंपनीच्या ठरलेल्या नियमाप्रमाणं ८२ ते ८८ अंश सेल्सिअसइतकी गरम ठेवलेली असायची. मांड्या आणि जांघा खोलवर भाजल्या, आठ दिवस रुग्णालय, वर कातडीरोपण.

त्यांनी कंपनीकडे आधी मागितले २० हजार डॉलर, मुख्यतः औषधपाण्याच्या खर्चासाठी. कंपनीनं देऊ केले ८०० डॉलर. मग खटला उभा राहिला आणि तिथं उघड झालं, की आधीच्या दहा वर्षांत कॉफीनं भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या, तरी तापमान बदललेलं नव्हतं. १९९४ साली पंचांनी भरपाई ठरवताना त्यातली २० टक्के चूक बाईंचीही धरली आणि तेवढी रक्कम कापली. वर कंपनीला जरब म्हणून २७ लाख डॉलर दंड सुचवला. कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि पुढं दोन्ही बाजूंनी न सांगितलेल्या रकमेवर तडजोड केली.

लोकांच्या लक्षात राहिले ते लाखो डॉलर. सातशे तक्रारी कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. बाईची स्वतःची चूक न्यायालयानं मोजून वजा केली होती, हेही राहिलं नाही. एक म्हातारी भाजते आणि जग तिला हसतं, हा काही साधा विनोद नव्हे. दाव्याची भीती ज्यांना वाटते त्यांना हे हसणं फार सोयीचं असतं. कारण हसं होईल या भीतीनं पुढची बाई दावाच लावत नाही. 'कांगावखोर', 'पैशाला लालचावलेली', 'कोर्टाची पायरी चढणारी' ही विशेषणं आपण पोटगी मागणाऱ्या बाईलाही लावलेली ऐकली आहेत. शब्द तेच आहेत, फक्त ऐकवणारे बदलतात.

'खरंच पडले हो ताई'

आमच्या समुपदेशन केंद्रात हाताला प्लास्टर घालून बाई आली आणि 'पाय घसरून पडले' म्हणाली, की आम्ही तिथं थांबत नाही. पुढचे प्रश्न विचारतो. कारण नवऱ्यानं हात पिरगाळल्याची हकिकत याच वाक्याखाली झाकलेली असते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं २००० साली सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्रानं हेच दाखवून दिलं, की रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांनी हे वाक्य ऐकून केसपेपरवर नुसतं 'पडल्या' असं लिहून गप्प बसायचं नसतं.

अशीच एक बाई आमच्याकडे आली होती, ती रेशनकार्डावर नाव चढवण्याच्या कामासाठी. मनगट प्लास्टरमध्ये. नेहमीचे प्रश्न विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "खरंच पडले हो ताई. दुकानात." सणाच्या गर्दीत एका कापडाच्या दुकानाच्या आतल्या जिन्यावर. जिना नुकताच पुसलेला, पाटी नाही, कठडा एकाच बाजूला आणि त्यावर साड्या टाकलेल्या. दुकानातल्या मुलानं पाणी दिलं, रिक्षा बोलावली. दोन दिवसांनी नवरा विचारायला गेला तेव्हा उत्तर मिळालं, "आम्ही काय धक्का दिला होता का?" घरी आल्यावर नवऱ्यानंही तिलाच झापलं. तिनं हे सगळं आम्हाला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. ती म्हणाली, "मी धांदरटच आहे पहिल्यापासून."

ही बाई घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. दीड महिना यंत्र बंद. डॉक्टर, क्ष-किरण, औषधं यांचा खर्च निराळा. धुणं, भांडी, पाणी भरणं हे तिच्या नववीतल्या मुलीवर आलं, आणि परीक्षेच्या आधीचे कितीतरी दिवस मुलगी शाळेत गेली नाही. त्या ओल्या जिन्याचं बिल शेवटी भरलं कुणी? एका चौदा वर्षांच्या मुलीनं.

घरातल्या मारहाणीला बाई 'पडले' म्हणते, ते खोटं असतं. दुकानात पडली तर 'पडले' म्हणते, ते खरं असतं. पण दोन्हीकडे तिनं दोष आपल्या अंगावर घेतलेला असतो, आणि दोन्हीकडे ज्याला जाब विचारायचा तो सुटतो. धांदरटपणा हा बायकांचा जन्मजात गुण नाही. लहानपणापासून दिवसाला दहा वेळा ऐकवून तो आपल्या अंगात मुरवलेला असतो.

मनगटाची किंमत

दावा लावला तरी भरपाई कशी मोजायची, हा पुढचा प्रश्न. नोकरदार पुरुषाचा हात मोडला तर बुडालेला पगार मोजता येतो. गृहिणीचा मोडला तर 'तिचं काय उत्पन्न बुडालं' असं विचारतात. इथं मोटार-अपघातांच्या कायद्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९९४ पासून त्या कायद्याच्या तक्त्यात कमावत नसलेल्या जोडीदाराची किंमत कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरायचं सूत्र होतं. म्हणजे नवऱ्याचा पगार कमी तर बायकोच्या भाकऱ्याही स्वस्त! २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३ हजार रुपये धरलं. २०१० साली अरुणकुमार अगरवाल खटल्यात, २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत 'अनुत्पादक' म्हणून बसवल्याबद्दल न्यायालयानं नाराजी नोंदवली.

५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर आकडेच पुढं मांडले गेले. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणं बाया घरच्यांसाठी बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी होत्या, पुरुष ५८ लाखांच्या आसपास. गृहिणीचं उत्पन्न धरणं ही मेहेरबानी नव्हे, तिच्या श्रमाला दिलेली मान्यता आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. हे सगळे निकाल मृत्यूच्या दाव्यांतले. बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत न्यायालयानं मोजली. ती जिवंत असताना मोडलेल्या मनगटाची का मोजू नये? दीड महिना दुसऱ्या बाईला लावून धुणीभांडी आणि स्वयंपाक करून घ्यायला किती पैसे लागले असते, हा हिशेब कुठल्याही वस्तीतली बाई बोटांवर करून देईल. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात आणि घसरून पडल्यावर टेकलेला हात मनगटातच मोडतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा हा प्रश्न एखाददुसरीचा नव्हे.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप, लोक खोटे दावे लावतील. काही लावतीलही. म्हणून तर न्यायालय पुरावे पाहतं आणि लीबेकबाईंचे २० टक्के कापतं. खोट्याच्या भीतीनं खऱ्याचं दार बंद करायचं, हा युक्तिवाद आपण हुंड्याच्या कायद्याबाबतही ऐकत आलो आहोत.

दुसरा आक्षेप, गल्लीतला किराणावाला मरेल. कायदा सगळ्यांकडून एकसारख्या सोयी मागत नाही, वाजवी काळजी मागतो. दहा बाय दहाच्या दुकानाकडून मागायची ती एवढीच, की तेल सांडलं तर भुसा किंवा राख टाकून लगेच पुसावं आणि पोती वाटेत ठेवू नयेत. चार मजली दुकानाकडून जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, उजेड, पाटी आणि पुसायला पुरेशी माणसं मागायची. शिवाय या जोखमीचा विमा उतरवता येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यातूनच येतो. दावा झाला की मालक फरशी पुसणाऱ्या बाईलाच काढून टाकेल, मग एका बाईच्या न्यायासाठी दुसरीच्या पोटावर पाय कशाला? ही भीती खरी आहे. म्हणूनच दावा कुणावर आणि कशासाठी, हे नीट समजून घ्यायला हवं. नोकराच्या कामातल्या हयगयीला मालक जबाबदार, हा कायद्याचा जुना नियम आहे. लिव्हरपूलच्या खटल्यात न्यायालयानं कुठल्या झाडूवालीचं नाव विचारलं नव्हतं, दुकानाची व्यवस्था काय होती ते विचारलं होतं. तीन मजल्यांना एकच बाई, तीही कंत्राटी, आणि गर्दीच्या वेळीच पुसायला लावलेली. मग चूक तिची की माणसं कमी ठेवून पैसे वाचवणाऱ्याची? दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांनी केरळात बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथं कायदा बदलला. २०२१ साली तमिळनाडूनंही तसाच बदल केला. विकणारी, पुसणारी आणि विकत घेणारी या तिघींची सुरक्षितता एकाच फरशीवर आहे. दावा लावताना पुसणारीचं नाव तक्रारीत न घालता मालकाला प्रतिवादी करावं, आणि तिला काढलं तर त्याविरुद्धही आपणच उभं राहावं.

आता काय करायचं?

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, रवा, साखर यांचे भाव हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी देशाला दाखवून दिलं. ग्राहक म्हणून बाई काही मागू शकते, हे आपण तेव्हाच शिकलो. भावाची लढाई आपण लढलो. तिथं धडधाकट पायांनी जाऊन परत येण्याची लढाई राहून गेली.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला आणि २०१९ च्या नव्या कायद्यानं त्याची जागा घेतली. सेवेतली 'त्रुटी' म्हणजे काय हे सांगताना, ग्राहकाला हानी किंवा इजा पोचवणारा निष्काळजीपणा नव्या कायद्यात स्पष्टपणे धरला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, वकील लावावाच लागतो असं नाही. पण 'ग्राहक' कोण, तर पैसे दिलेली किंवा द्यायचं कबूल केलेली व्यक्ती. खरेदी होण्याआधीच पडलेल्या बाईबाबत वाद घालायला इथं जागा राहते. तिला दिवाणी न्यायालय मोकळं आहे, पण ती वाट लांबची. माल पाहायला आत आलेलं प्रत्येक माणूस ग्राहकच, असं कायद्यात स्वच्छ लिहिलं जावं, ही मागणी महिला संघटना आणि ग्राहक पंचायती यांनी मिळून करायला हवी. तिच्या जोडीला दुसरी मागणी अशी, की मोठ्या दुकानांनी अपघातांची नोंदवही ठेवणं सक्तीचं व्हावं. सातशे तक्रारी होत्या हे अमेरिकेत कळलं, कारण त्या कुठंतरी लिहिलेल्या होत्या.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. दुकानात कुणी पडलं तर फरशीचा, जिन्याचा आणि पायातल्या चपलांचा फोटो लगेच काढावा. पावती जपावी. पाहणाऱ्या दोघींची नावं आणि फोन नंबर घ्यावेत. त्याच दिवशी दुकानाला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि कॅमेऱ्यातलं चित्रण पुसू नका असं त्यात लिहावं. केसपेपरवर 'पडल्या' एवढंच न लिहिता कुठं आणि कशानं पडल्या ते लिहायला डॉक्टरांना सांगावं. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यात तसं म्हटलेलं आहे. आणि भरपाई मागताना बुडालेल्या घरकामाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहावी, नामंजूर झाली तरी लिहावी. शंभर जणींनी ती ओळ लिहिली, तर एखाद्या न्यायाधीशाला तिच्यावर मत द्यावंच लागेल.

आणि मैत्रिणींनो, यातलं काहीच जमलं नाही तरी एक गोष्ट आजपासून करता येईल. कुणी पडलेली दिसली तर तिला हात देताना 'लक्ष कुठं होतं' असं विचारायचं नाही. उठवून बसवायचं, लागलं का ते पाहायचं, आणि मग गल्ल्यावर जाऊन विचारायचं, की ही फरशी शेवटची कधी पुसली होती?